पितृपंधरवड्यातले प्रवासी

दुकानातलं काचेचं कपाट रिकामं करायचंय, तिथं नवे डिनर सेट मांडायचेत, असं मुलगा सकाळी म्हणाला. "तेवढी अण्णांची भांडी तूच येऊन उचल आई, मला हात लावू वाटंना." सगळा बाजार ह्यांना अण्णा म्हणायचा, म्हणून पोटचा मुलगाही बापाला अण्णाच म्हणायचा. तर दुपारचं जेवण आटोपून मी अंबाजोगाईच्या बाजारातल्या आमच्या भांड्यांच्या दुकानात आले आणि गल्ल्यामागच्या खुर्चीत बसले. मांडीवर जुनं वर्तमानपत्र आणि त्यावर तीन भांडी. ह्याच खुर्चीत आठ महिन्यांपूर्वी हे बसल्या जागी गेले. खुर्ची बदलू का, असं मुलाने तेव्हा विचारलं होतं. मी म्हटलं, कशाला, चांगली आहे की खुर्ची.

संध्याकाळपर्यंत महानंदाला हो की नाही ते सांगायचंय. महानंदा समोरच्या किराणा दुकानाची मालकीण. तिचे मालक, शिवराज भाऊजी, हे ह्यांचे लहानपणापासूनचे दोस्त. आम्ही चौघं ओळीने तीन वर्षं परदेश फिरून आलो. यंदा ती दोघं बालीला निघालीत आणि सोबत मी यावं असा तिचा हट्ट आहे. पासपोर्ट आजच टूरवाल्यांकडे पाठवायचा आहे. मला जावंसं वाटत नाही आणि जाऊ नये असंही वाटत नाही. बर्फ धरून बधिर झालेल्या बोटांना चिमटा काढला तरी कळत नाही, तसं माझं आठ महिने चाललंय. जेवते, झोपते, मालिका बघते, कुणी आलं तर चहा करते. लोक म्हणतात, बाई लई खंबीर हाय. खंबीर कसली, मला काही वाटतच नाही, आणि हे कुणाला सांगायची सोय नाही.

आमचं फिरणं सुरू झालं ते पितृपंधरवड्यामुळे. भाद्रपदातल्या त्या पंधरा दिवसांत कुणी नवं भांडं घेत नाही. चमचासुद्धा खपत नाही. दुकानात माश्या मारत बसायचं. आम्ही लिंगायत, पितरं घालत नाही, त्यामुळे घरीही अडकवणारं काही नाही. एके वर्षी असेच गल्ल्यावर बसलेले असताना हे एकदम म्हणाले, "शिवराज, सगळ्या गावाचे पितर जेवाय येतेत, आपण तवर कुठंतरी जाऊन येऊ की." भाऊजींना वाटलं, परळीला जायचं म्हणतात. वैजनाथाचं दर्शन आमचं नेहमीचंच, अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता. तर हे म्हणाले, "परळी करूच, पण पुढं थायलंडला जाऊ." मी आत भांडी पुसत होते. मला वाटलं, हा माणूस उपाशी आहे, काहीतरी बडबडतोय.

भाद्रपदात निघायचं म्हणजे काय, ते तिकडे गेल्यावर कळलं. त्या दिवसांत आशिया खंडातल्या निम्म्या देशांत पाऊस असतो आणि म्हणूनच टूर परवडते. आमच्या तिन्ही प्रवासांतले, एक दिवस सोडला तर, सगळे फोटो रेनकोटातले आहेत. निळे, पिवळे, गुलाबी प्लास्टिक घातलेली चार माणसं, आणि मागे धुरकट काहीतरी. ते देऊळ आहे, राजवाडा आहे की समुद्र, ते महानंदाच सांगू जाणे. नांदूरघाटला माहेरी फोटो दाखवले तर माझा भाऊ म्हणाला, "अक्का, हे तर केजच्या स्टँडवर बी काढता आले असते."

सामान भरायला मात्र आम्ही चौघं वस्ताद. धपाटी, शेंगदाण्याची चटणी, कारळाची चटणी, मेतकूट, लसणाचा ठेचा दुहेरी पिशवीत. बॅगा ओळखू याव्यात म्हणून महानंदाने जुन्या इरकली लुगड्याची लाल किनार फाडून चारही बॅगांना बांधली. हैदराबादहून विमान, तिथून बँकॉक. तिथल्या फिरत्या पट्ट्यावर बॅगा यायला लागल्या तर आमच्या अख्ख्या टूरच्या बॅगांना लाल चिंधी. सगळ्या मराठी बायकांना एकच अक्कल सुचली होती. भाऊजींनी मोठ्या ऐटीत एक बॅग उचलली आणि हॉटेलवर जाऊन उघडली, तर आत नाशिकच्या कुठल्याशा बाईंच्या साड्या. मग रात्रीच्या जेवणाआधी त्या बाई आमच्या खोलीत, आम्ही त्यांच्या खोलीत, आणि ठेचा सापडेपर्यंत भाऊजींच्या जिवात जीव नाही.

त्या हॉटेलात पाऊल टाकलं तेव्हा एक वास आला आणि मी दारातच थबकले. टूरवाल्या मॅडम कौतुकाने सांगत होत्या की हा इथला खास सुगंध आहे, पाहुण्यांच्या स्वागताला फवारतात. मी ह्यांना म्हटलं, "अहो, हा तर आपल्या न्हाणीमागचा गवती चहा." हे म्हणाले, "हळू बोल, त्यांनी पैसे घेतलेत वासाचे." तीन वर्षांत मी जे जे परदेशी बघितलं ते मला असंच घरचं वाटायचं आणि त्यावरून हे मला चिडवायचे. तुला चंद्रावर नेलं तरी म्हणशील, आमच्या नांदूरघाटला असाच खड्डा हाय.

पण स्वतः काय करायचे? भांडी बघायचे. राजवाडा, सोन्याचा बुद्ध, हत्ती, हे सगळं ते ओझरतं बघायचे. सकाळच्या नाश्त्याला मोठाली झाकणं असलेली भांडी मांडलेली असतात ना, त्यांच्यापुढे आमचे हे हात मागे बांधून हिंडायचे. मग हळूच बोटाच्या पेराने झाकण वाजवायचे. ताटली उलटी करून बुड बघायचे. "बावीस गेज," अशी पत्र्याची जाडी माझ्या कानात सांगायचे, जसं काही मला मुलीसाठी स्थळ सुचवतायत. बँकॉकला तिथल्या आचाऱ्याने हे बघितलं. मला वाटलं, आता हाकलतो. तर तो माणूस हसत पुढे आला आणि ह्यांना हाताला धरून मुदपाकखान्यात घेऊन गेला. ह्यांना त्याची भाषा येत नव्हती आणि त्याला ह्यांची. तासाभराने दोघं बाहेर आले तेव्हा बस राजवाड्याकडे निघून गेली होती आणि ह्यांच्या हातात हे भांडं होतं. भात वाफवायचं, कंबर बारीक आणि तोंड पसरट, अॅल्युमिनियमचं. माझा राजवाडा बुडाला तो बुडालाच.

प्रत्येक देशातून एक भांडं आणायचं आणि त्यावर नाव घालायचं, हा मग नेमच झाला. आमच्याकडे लग्नाच्या, बारशाच्या भांड्यांवर नाव घालून देतात. दुकानातलं ते छोटं मशीन टर्रर्र वाजायला लागलं की ठिपक्याठिपक्यांनी अक्षरं उमटत जातात, आणि तापलेल्या स्टीलचा एक उग्र वास सुटतो. हे परत आले की बॅगेतले कपडे काढायच्या आधी मशीन लावायचे. भाताच्या भांड्यावर लिहिलंय, 'थायलंड, पितृपंधरवडा'. श्रीलंकेहून आणलेल्या साच्यावर 'श्रीलंका'. हा साचा म्हणजे आपला सोऱ्याच, आतली जाळी जरा बारीक. तसं मी कोलंबोच्या बाजारात म्हटलंही होतं, पण ऐकतो कोण. तिसरा हा व्हिएतनामचा कॉफी गाळायचा डबा. ह्यातून कॉफी थेंबाथेंबाने पडते आणि तोवर माणसाची झोप आपोआप उडते. ह्याच्यावर नाव घालायचं, का कोण जाणे, राहून गेलं.

बँकॉकचीच एक गोष्ट आमच्या घरी इतक्यांदा सांगितली गेली की आता ती माझ्यासमोर घडली होती की मी ऐकलीय, असा प्रश्न पडतो. गळ्यातलं इष्टलिंग रोज अंघोळीनंतर डाव्या तळहातावर घेऊन पूजायचं आणि मगच अन्नाला शिवायचं, ही आमची रीत. माझी पूजा पाच मिनिटांची. ह्यांची म्हणजे विभूती, बेल, कापूर, धूप, सगळं साग्रसंगीत. अकराव्या मजल्यावरच्या खोलीत हे पंचा नेसून बसले. धूप पेटवला. छताला एक पांढरी गोल डबी होती. आदल्या दिवशी हे मला म्हणालेही होते की ही कसली डबी, फार हलक्या पत्र्याची दिसतीय. ती डबी बोंबलायला लागली. पाठोपाठ अख्ख्या हॉटेलात भोंगे सुरू झाले आणि टूरवाल्या मॅडम "आग, आग, जिन्याने उतरा" म्हणून दारं ठोठावत धावल्या.

अकरा मजले उतरलो. कुणी टॉवेलात, कुणी झोपायच्या कपड्यांत, कुणाच्या तोंडात ब्रश. त्या गर्दीत आमचे हे उघडेबंब, कपाळाला विभूतीचे पट्टे, डाव्या तळहातावर लिंग आणि उजवा हात त्यावर झाकणासारखा धरलेला. पूजा सुरू झाली की मधे ठेवता येत नाही. खाली आल्यावर त्यांनी फुटपाथवर एक कोरडा कोपरा बघितला, मांडी घातली आणि पुढचं सुरू केलं. मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं होतं. तेवढ्यात शेजारच्या गाडीवर मोगऱ्याचे गजरे विकणारी एक म्हातारी उठली. तिने ह्यांच्या तळहाताकडे बघितलं, चपला काढल्या आणि तीन गजरे पुढ्यात ठेवून हात जोडून बसली. हॉटेलचा मॅनेजर लालबुंद होऊन आला होता. तोही थांबला. त्यानेही हात जोडले. पूजा संपेपर्यंत तो तसाच उभा राहिला, ह्यांनी पंच्याच्या कनवटीतून काढून दिलेली खडीसाखर घेतली, तोंडात टाकली, आणि मग ह्यांना झाप झाप झापलं. तिथले लोक रागावतानासुद्धा हसतात, त्यामुळे ह्यांना वाटलं, कौतुक चाललंय. हे त्याला "थँक्यू, थँक्यू" म्हणत राहिले.

आठ महिन्यांपूर्वी ह्यांना भिंतीला टेकवून मांडी घालून बसवलं होतं. आमच्यात तसंच बसवून, तळहातावर लिंग ठेवून, मातीत देतात. कपाळाला विभूती, गळ्यात हार, समोर भजन चाललेलं. मी बघत होते. अगदी तशीच बैठक, तसाच डावा तळहात. बायका मला हलवून म्हणत होत्या, रड गं, मोकळी हो. आणि मी मनात म्हणत होते, बँकॉकला ह्यांच्या पंच्याची गाठ सुटत आलेली होती, बरं झालं कुणाच्या लक्षात आलं नाही. एवढंच. मग माणसं त्यांना घेऊन गेली आणि मी कुणीतरी आणून दिलेला चहा प्याले. चहात साखर जास्त होती हेही मला कळलं.

एकच गोष्ट आहे जी मला टोचते. बधिर बोटात कुठेतरी काटा राहिलेला असावा तशी. ती व्हिएतनामची आहे आणि आमच्या शेवटच्या प्रवासातली आहे.

तिथल्या 'हा लाँग' नावाच्या खाडीत आम्हाला बोटीने नेलं होतं. पाण्यातून वर आलेले शेकडो हिरवे डोंगर, आणि मधून बोट चाललेली. त्या दिवशी चक्क ऊन पडलं होतं. रेनकोट न घातलेला आमचा तेवढाच एक दिवस. हे म्हणाले, "माजलगावच्या धरणात असे डोंगर आणून ठेवले की झालं, मग कशाला इतक्या लांब यायचं?" मी म्हटलं, आता कोण म्हणतंय आमच्या गावाकडं असंच हाय म्हणून? ते खूप हसले. एका बेटावर बोट थांबली. तिथं डोंगरावर जायला पायऱ्या, चारशे का किती. वरून सगळी खाडी दिसते म्हणे. हे म्हणाले, "चल." माझे गुडघे दुखत होते, पण खरं सांगायचं तर गुडघ्यांपेक्षा कंटाळाच जास्त होता. मी म्हटलं, "तुमी जावा. आपल्या बालाघाटाला काय डोंगर न्हाईत?" त्यांनी परत म्हटलं, "चल की गं, हळूहळू चढू." मी महानंदाबरोबर खाली सिमेंटच्या बाकावर बसले आणि चपला काढून पाय वाळूत घातले. हे आणि भाऊजी वर गेले.

पाऊण तासाने उतरले. शर्ट घामाने चिंब, तोंड उतरलेलं. मी विचारलं, काय दिसलं? म्हणाले, "काय सांगू, सांगून समजत न्हाई. तू वर यायला पायजे हुतं." फोटो काढला का? "फोटुत मावत न्हाई ते." भाऊजी तोंड फिरवून बाटलीतलं पाणी पीत राहिले. गावी आल्यावरही हे मधूनच म्हणायचे, वरून काय दिसत हुतं, तुला ठाव न्हाई. मी म्हणायचे, बरं, नसू द्या ठाव. पुढे अडीच महिन्यांनी हे गेले.

ह्या माणसाने मला अखेरचं जिथं बोलावलं तिथं मी गेले नाही. वर काय होतं ते मला आता कधीच कळायचं नाही. बाकी सगळ्या बाबतीत माझं मन दगड झालंय, पण ह्या एका गोष्टीशी आलं की आत काहीतरी कचकन रुततं. बालीचं नाव काढलं की मला तो सिमेंटचा बाकच दिसतो.

पाचच्या सुमाराला महानंदा रस्ता ओलांडून आली. पदराला हात पुसत, हरभऱ्याच्या डाळीचं पीठ कोपरापर्यंत. स्टूल ओढून माझ्यासमोर बसली.

"अक्का, पासपोर्ट आणलास का?"

"घरी हाय."

"मग चल, घेऊन येऊ. सात वाजेपर्यंत द्यायचाय."

"महानंदा, मी येऊन काय करू?"

"कावून असं बोलतीस? आमी काय करतो तेच करायचं. पावसात भिजायचं, ठेचा खायचा."

मग मी तिला सांगितलं. आठ महिन्यांत कुणालाच सांगितलं नव्हतं, मुलालाही नाही. म्हटलं, "ते मला वर बोलवत हुते अन् मी बसून राहिले. बोलवत हुते तवा गेले न्हाई, आता कुणी बोलवंना तर कुठं कशाला जाऊ?"

महानंदाने वळून रस्त्यापलीकडे बघितलं. भाऊजी कुणाला तरी साखर मोजून देत होते.

"अक्का," ती म्हणाली, "आमच्या मालकांनी मला शपथ घातलीय. पण आता मोडते. वर कुणीच गेलं न्हवतं."

"म्हंजे?"

"पन्नासेक पायऱ्या चढले असतील. अण्णांना दम लागला. छातीला हात लावून बसले. तिथं एक बाई नारळ विकत हुती, तिनं आपलं स्टूल दिलं बसाय. आमचे म्हणले, अण्णा, खाली चला, टूरवालीला सांगू, डागदर बघू. तर ऐकंनात. पाऊण तास तिथंच बसले, नारळपाणी प्याले, अन् खाली आले."

"मग ते, सांगून समजत न्हाई, ते?"

"ते काय बघितलं हुतं म्हणून सांगणार?"

मला हसू यायला हवं होतं. मी विचारलं, "मला कावून सांगितलं न्हाई?"

महानंदाने स्टूल आणखी जवळ ओढलं. "आमच्यांनी बी तेच विचारलं. तर अण्णा म्हणले, खाली ती बसलीय. तिला कळलं तर ती पुन्हा कधी फिरायला यायची न्हाई. मला घरी कोंडून ठेवंल ते येगळंच, पण सोता बी उंबरा वलांडायची न्हाई."

आधी मला कळलंच नाही की हे जे कानशिलं तापवत वर चढतंय, हा राग आहे. आठ महिने काहीच नव्हतं, त्यामुळे ओळख विसरले होते. मी उठून उभी राहिले. मांडीवरची भांडी खणखणत फरशीवर पडली आणि दारातलं गिऱ्हाईक दचकून मागे सरलं. "खोटारडा माणूस!" मी ओरडले. "अडीच महिने माझ्याशी खोटं बोलत राहिला! इथं एवढं मोठं मेडिकल कॉलेज हाय, एका रिक्षाच्या अंतरावर! एक डाव म्हणला असता, छातीत दुखतंय. म्हणं फोटुत मावत न्हाई!" मुलगा आतून धावत आला. महानंदाने त्याला हाताने थांबवलं. मी बोलतच राहिले. चाळीस वर्षांच्या संसारात मी ह्यांना जेवढं बोलले नाही तेवढं त्या खुर्चीला बोलले. आणि बोलता बोलताच रडायला लागले. चांगली तोंडाला पदर लावून, लहान मुलीसारखी हुंदके देत रडले. मुलगा माझ्याजवळ खाली बसला आणि तोही रडायला लागला.

बऱ्याच वेळाने मी तोंड पुसलं. महानंदाला म्हटलं, "तुझ्या मालकाला बी दोन शब्द ऐकवायचेत मला."

"ऐकव की," ती म्हणाली. "ते आठ महिने वाटच बघाय लागलेत."

रस्त्यापलीकडे भाऊजी काट्यापाशी उभे होते. त्यांनी आमचं ओरडणं ऐकलं असणार, कारण ते हातातलं काम सोडून इकडेच बघत होते. मी चपला शोधल्या. महानंदाही उठली.

"बालीला पायऱ्या हायत का गं?" मी विचारलं.

"लई हायत म्हणते ती टूरवाली. देवळाला पायऱ्या, धबधब्याला पायऱ्या."

"मग घरी चल. पासपोर्ट देते. सगळ्या चढणार हाय मी, गुडघे मोडले तरी. आणि वर गेल्यावर काय दिसतं, ते ह्यांना मुळीच सांगणार न्हाई."